हार घालायचा फोटो

घारापुरीला तुम्ही कधी गेला असाल, तर माझ्या मामाने तुम्हाला एकदा तरी हटकलं असेल. लाँचमधून उतरून जेटीवरून चालायला लागलात की गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याचे फोटो घेतलेली काही माणसं मागे येतात. "फोटो काढायचा, साहेब? लगेच प्रिंट." त्यातला एक माझा मामा. तुम्ही बहुधा खिशातला फोन दाखवून पुढे गेला असाल. आता बहुतेक लोक तेच करतात. मामाला त्याचं वाईट वाटत नाही, निदान तो तसं म्हणतो.

तुम्ही न पाहिलेला मामा संध्याकाळी कामाला बसतो. पर्यटकांची शेवटची लाँच गेटवेकडे गेली आणि बेटावर फक्त बेटावरची माणसं उरली, की तो शेतबंदरातल्या आपल्या घराच्या पडवीत येतो आणि फोटोंना फ्रेम करतो. लग्नाचे फोटो, बारशाचे, पोरगी दहावी पास झाल्याचे. एकवीरा आई, साईबाबा, शिवाजी महाराज, बाबासाहेब. आणि गेलेली माणसं. हल्ली सगळ्यात जास्त काम गेलेल्या माणसांचं.

जग ज्याला एलिफंटा म्हणतं, ती घारापुरी उरण तालुक्यात येते. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं, मिळून हजार-बाराशे माणसं. गेटवेहून लाँचने तासाभराचा रस्ता. रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं तर मुंबईचे दिवे समोर लखलखताना दिसतात. माझी आई इथेच वाढली. ती सांगते, की आम्ही मुंबईच्या उजेडाकडे बघत कंदिलाखाली अभ्यास केला.

मी एकोणतीस वर्षांची आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि नवी मुंबईत एका कंपनीत कोड लिहिते. ऑनलाइन दुकानांत तुम्ही जे कुर्ते आणि कुकर बघता, त्यांच्या फोटोंची मागची बाजू पांढरीशुभ्र करणं, सावल्या काढून टाकणं, रंग सारखे करणं हे काम माणसाशिवाय करणारं सॉफ्टवेअर आमची टीम बनवते. दिवसाला हजारो फोटो त्यातून जातात आणि त्यातला एकही मी नीट बघत नाही. बघायची गरजच पडू नये, हेच आमचं काम.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर घसरून मामाचं उजवं मनगट मोडलं. कॅमेरा धरता येईना, काच कापता येईना. मामाचा मुलगा मर्चंट नेव्हीत, तो तेव्हा जहाजावर. म्हणून मी शनिवार-रविवार जायला लागले. दोन महिन्यांपुरतं ठरलं होतं, आठ महिने गेले. मामा आगरी बोलतो. इथे मी त्याचं बोलणं जरा पुस्तकी करून लिहिलंय, नाहीतर तुम्हाला अर्धं कळणार नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही हसाल.

*

दिवसाच्या कामापासून सुरुवात करते. लेण्यांच्या मुख्य गुंफेत मागच्या भिंतीवर सदाशिवाची ती प्रचंड तीनमुखी मूर्ती आहे, जिला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. उंची साधारण वीस फूट. प्रत्येकाला फोटो तिच्यासमोरच हवा असतो आणि फोटो काढायला गुंफेतली सगळ्यात अवघड जागाही तीच. गुंफेचं तोंड उत्तरेला, मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत. म्हणजे थेट ऊन तिच्यापर्यंत कधी पोचतच नाही. खांबांच्या रांगांमधून गाळून आलेला उजेड तेवढा पोचतो. माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारला तर मूर्ती अंधारात जाते.

मामाने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. तो लोकांना मूर्तीच्या अगदी पुढ्यात उभं करत नाही. आठ-दहा पावलं अलीकडे घेतो, थोडं तिरकं वळवतो आणि स्वतः खाली बसतो. बाजूच्या चौकातून येणारा उजेड गालावर पडतो आणि मूर्ती मागे अर्ध्या सावलीत पूर्ण उभी राहते. त्याला 'की लाइट' हा शब्द माहीत नाही. तो म्हणतो, "आधी देव नीट बसव, मग माणूस आणून ठेव."

१९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मामाने पहिला कॅमेरा घेतला तो त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा. बेटावर लॅब नव्हती, त्यामुळे लोक पैसे देऊन पत्ता लिहून द्यायचे, रोल मुंबईत धुऊन यायचा आणि मामा पाकिटं पोस्टात टाकायचा. त्याच्याकडे त्या पत्त्यांच्या तीन वह्या अजून आहेत. इंदूर, कोइमतूर, लुधियाना, एक-दोन परदेशातले. अनोळखी माणसाच्या हातात पैसे ठेवून, फोटो घरी येईल या भरवशावर समुद्र ओलांडून परत जायचं! मी अशा धंद्यात आहे जिथे डिलिव्हरी दहा मिनिटं उशिरा आली तर लोक एक स्टार देतात. त्या वह्या मी बराच वेळ चाळत बसले होते.

नंतर डिजिटल कॅमेरा आला आणि छोटा प्रिंटर. हा प्रिंटर बघायला मजा येते. शाई उडवत नाही. रंगाची रिबन तापवून रंग कागदात उतरवतो, आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, शेवटी वर एक पारदर्शक थर. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. पहिल्या फेरीला फक्त पिवळी भुतं दिसतात, तिसऱ्याला माणसं होतात. लहान मुलं कौतुकाने बघत उभी राहतात आणि मामाच्या मते निम्मे फोटो त्या जादूमुळेच विकले जातात.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, फोनचे कॅमेरे सुधारले आणि हा धंदा ओसरत गेला. आता चांगल्या रविवारी पूर्वीच्या पाव भागाएवढं काम होतं. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. म्हणून मामाचं घर आता फ्रेमवर चालतं.

*

फ्रेम करणं म्हणजे चार पट्ट्या जोडणं, असं मला वाटायचं. पट्टीचं प्रत्येक टोक पंचेचाळीस अंशांत कापायचं, दोन टोकं जुळली की काटकोन. शाळेतली भूमिती. पण आठही काप प्रत्येकी अर्ध्या अंशाने चुकले, तर ती चूक साठत जाते आणि पहिले तीन कोपरे घट्ट बसून चौथ्यात चार अंशांची फट पडते. कोडमध्येही हे होतं, चूक एका ठिकाणी असते आणि दिसते भलतीकडे. मामा चौथ्या कोपऱ्याकडे बघत नाही. फट दिसली की पहिल्या कोपऱ्यापासून परत तपासतो.

बेटावरची फ्रेम वेगळी करावी लागते, कारण हवेत मीठ आहे. लोखंडी खिळा वर्षात गंजतो आणि त्याचा तपकिरी डाग फोटोपर्यंत पोचतो, म्हणून पितळी चुका आणि पितळी हुक. मागे लाकडी भुशाचा बोर्ड लावला तर तो ओल पिऊन फुगतो. लोकांना सागवानी पट्टी आवडते, पण मामा शक्यतो सिंथेटिक पट्टी गळ्यात मारतो, कारण ती फुगत नाही आणि तिला वाळवी लागत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो काचेला टेकू द्यायचा नाही. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो काचेला चिकटतो आणि मग फोटो काचेपासून सोडवता येत नाही, सोलावा लागतो. म्हणून मध्ये माउंटची जाड चौकट, तेवढीच हवेला जागा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना तो रबराचे तुकडे चिकटवतो, म्हणजे फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि ओल धरत नाही. हे रबर जुन्या स्लिपरांचं.

काच मुंबईहून येते. काच कधी आडवी न्यायची नाही, उभीच न्यायची, हे मी पहिल्याच खेपेला शिकले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचा दोन्ही गुडघ्यांत उभ्या धरून मी लाँचमध्ये बसायचे आणि शेजारचे पर्यटक विचारायचे, की पेंटिंग आहे का. हिरकणीने काच कापताना रेघ एकदाच मारायची असते. दुसऱ्यांदा त्याच रेघेवर गेलात तर काच कुठे फुटेल सांगता येत नाही. रेघ मारताना नीट आवाज येतो, कागद फाडल्यासारखा. आवाज आला नाही तर कापच बसलेला नाही. मामा मोडका हात गळ्यात बांधून डोळे मिटून ऐकायचा आणि "हां" किंवा "नाही" एवढंच म्हणायचा.

*

आता गेलेल्या माणसांबद्दल.

आपल्याकडे घरातल्या भिंतीवर फ्रेम आली ती मुख्यतः देवांमुळे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघर गेल्या. त्याआधी देव देव्हाऱ्यात असायचे किंवा देवळात, आता ते काचेमागे भिंतीवरही आले. पुढे त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर, तसाच हार घालून माणसं आली. मेलेल्या माणसाला फ्रेम आणि जिवंत माणसाला अल्बम, असा आपल्याकडचा साधारण हिशेब आहे. माझ्या आजीच्या घरी जिवंत माणसाचा एकटा फोटो भिंतीवर लावला तर कुणीतरी "शुभ बोल रे" म्हणायचंच.

याचा परिणाम असा, की हार घालायच्या फोटोची तयारी कुणीच केलेली नसते. माणूस जातो, दहाव्याच्या आत फोटो हवा असतो, आणि लोक फोन घेऊन मामाच्या पडवीत येतात. फोनमध्ये हजारो फोटो असतात. गॅलरी वर सरकवत राहतात. वाढदिवसाचे केक, गुड मॉर्निंगची फुलं, नातवंडं, होड्या. बाबा कुठेतरी कडेला अर्धे. आई नेहमी ताट वाढताना, वाकलेली. शेवटी एखाद्या लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत एक चेहरा सापडतो. तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, म्हणजे आधीच दाबून लहान झालेला.

इथे मला माझं गणित दिसायला लागतं. दहा बाय बारा इंचाचा स्वच्छ प्रिंट हवा असेल तर इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे एक कोटीहून जास्त पिक्सेल. आणि मागच्या रांगेतला चेहरा असतो ऐंशी बाय शंभर, आठ हजार पिक्सेल. उरलेले कुठून आणायचे? हल्लीची एआय टूल्स ते आणतात. मी रोज अशाच मॉडेलांशी खेळते, त्यामुळे ती कुठून आणतात हे मला माहीत आहे. मॉडेलने लाखो चेहरे पाहिलेले असतात. 'अशा डोळ्यांखाली साधारण असं नाक असतं' हे त्याला पाठ झालेलं असतं, आणि तुम्ही दिलेल्या आठ हजार ठिपक्यांभोवती ते एक पटेल असा चेहरा रचतं. त्वचा छान, दात छान. पण भिंतीवर लागणाऱ्या त्या चेहऱ्याचा मोठा भाग इतर अनेक अनोळखी माणसांमधून आलेला असतो.

मी हे मामाला समजावून सांगितलं तेव्हा तो अजिबात दचकला नाही. त्याने पूर्वीच्या स्टुडिओवाल्यांच्या गोष्टी सांगितल्या. ते पेन्सिलीने सुरकुत्या पुसायचे, ब्रशने कोट चढवायचे, वेगवेगळ्या फोटोंतले नवरा-बायको एका खुर्चीशेजारी आणून बसवायचे. ज्याने आयुष्यात सूट घातला नाही तो आगरी माणूस भिंतीवर टाय लावून बसलाय, हे मामाने लहानपणी बघितलेलं. त्याच्या लेखी फोटो पूर्वी खरा होता आणि आता खोटा झाला, असं काही घडलेलंच नाही. बदल करणं हा कामाचा भागच. मग कुठला बदल करायचा आणि कुठला नाही, हे कसं ठरवतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "माणूस बघून." मला हे उत्तर चुकवल्यासारखं वाटलं. आमच्याकडे असं उत्तर दिलं तर मीटिंग परत लावतात.

*

जानेवारीत मोराबंदरची एक म्हातारी गेली. नाव लिहीत नाही. पण तुम्ही पंधरा-वीस वर्षांपूर्वी घारापुरीला गेला असाल तर कदाचित तिचा फोटो तुमच्याकडे असेल. लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर कोळी पद्धतीचं लुगडं नेसून, डोक्यावर पितळी हंड्यांची उतरंड घेऊन काही बायका उभ्या असतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि दहा-वीस रुपये देतात. ती त्यातली एक होती. गुडघे गेल्यावर तिने हंडे सोडले आणि पायऱ्यांच्या कडेला बसून काकड्या, कैऱ्या विकायला लागली.

तिचा मुलगा आणि सून फोन घेऊन आले. मुलगा बंदरात कामाला आहे, पाळीची नोकरी. त्यांच्या फोनमध्ये धड फोटो नव्हता. जपानपासून जर्मनीपर्यंत कुणाकुणाच्या अल्बममध्ये असलेली बाई, आणि घरात तिचा एक फोटो नाही. यात मला धक्का बसायचं कारण नव्हतं. जेम्स बर्जेस यांचं घारापुरीवरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, तेही छायाचित्रांसकट. म्हणजे या बेटाचे फोटो दीडशे वर्षं निघतायत. पण लेण्यांच्या त्या काळच्या फोटोंत गावातला माणूस उभा केलेला असलाच, तर तो बहुतेकदा खांबाची उंची कळावी म्हणून. इथली माणसं कायम दुसऱ्यांच्या फोटोत असतात.

मामा म्हणाला, माझ्याकडे आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीत वीज आली, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. ही बातमी तुम्ही तेव्हा वाचली असेल. त्या आठवड्यात मामा तिन्ही गावांत घरोघर फिरला आणि प्रत्येक घराचा दिव्याखाली एक फोटो काढला. कुणी सांगितलं नव्हतं आणि पैसेही कुणी दिले नाहीत. आता बल्ब म्हणजे बेटावर नवी गोष्ट नव्हती. आधी जनरेटर होता, संध्याकाळी काही तास दिवे लागायचे आणि ठरलेल्या वेळेला विझायचे. त्यामुळे दिवा लागल्याचं कुणाला फार कौतुक नव्हतं, मामा सांगतो. कौतुक होतं तो विझला नाही याचं. म्हणून त्याने फोटो संध्याकाळी काढले नाहीत. जनरेटर बंद व्हायची वेळ उलटून गेल्यावर काढले.

हार्ड डिस्कवर त्या फोटोंचं फोल्डर निघालं. म्हातारी खाटेवर बसलेली, डोक्यावरून पदर, पायाशी नातू झोपलेला. फोटो स्वच्छ होता. चेहऱ्यावर भरपूर उजेड, ठिपके हवे तेवढे, माझ्या आठ हजारांच्या गणिताची गरजच नव्हती. एकच गोष्ट होती, ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मान किंचित वर करून बल्बकडे बघत होती.

मुलाने फोटो बघितला. गप्प राहिला. मग मला म्हणाला, "ताई, नजर खाली आणता येईल ना? हल्ली मोबाइलवरपण होतं. हार घातल्यावर आईने आपल्याकडे बघायला पाहिजे."

होतं. दोन मिनिटांचं काम. बुबुळं थोडी खाली सरकवायची, पापण्या जुळवायच्या.

तेवढ्यात सून म्हणाली, "आणि काका, एक टिकली लावा."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. म्हातारी चाळीसहून जास्त वर्षं विधवा होती. "आईने कधी टिकली लावली नाही," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लावायची," सून म्हणाली. तिने पिशवीतून टिकल्यांचं एक पाकीट काढून पाटावर ठेवलं. लाल, मोठ्या. अर्ध्याहून जास्त संपलेलं. म्हातारीच्या बटव्यात मिळालं होतं. हंडे घेऊन उभं राहायचं तर पर्यटकांना पुरी नटलेली कोळीण लागते. सकाळी जेटीच्या वळणावर ती टिकली लावायची आणि संध्याकाळी घराकडे वळताना काढून पाकिटाला परत चिकटवायची. पायऱ्यांवरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. सुनेला माहीत होतं. मामाला तर होतंच, तो तीस वर्षं तिथेच उभा होता. घरात फक्त मुलाला माहीत नव्हतं.

"धंद्यासाठी लावायची मग," मुलगा म्हणाला.

"हंडे सोडले त्यालापण दहा वर्षं झाली," सून म्हणाली. "हे पाकीट दिवाळीतलं आहे. मीच आणून दिलेलं."

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांनीही हेच करावं असं परिपत्रक काढलं. मी ऑफिसात ती बातमी स्टेटसला ठेवली होती. पण त्या पडवीत त्या अर्ध्या पाकिटासमोर मला ते बोलायचं सुचलं नाही, आणि सुचलं नाही तेच बरं झालं. बोलायची पाळी मुलाची होती. तो बराच वेळ ते पाकीट उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "लावा."

मी लॅपटॉप उघडला. टिकली लावली. कपाळाचा उतार, उजेडाची दिशा, पदराची सावली जुळवली. मग विचारलं, "आणि डोळे?"

"डोळे नाही," मामा म्हणाला.

मुलाला राग आला. टिकली लावता तर डोळे का नाही? दोन्ही खोटंच की. त्याचा मुद्दा बिनतोड होता. कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, इकडचे पिक्सेल तिकडे. उलट टिकली म्हणजे तर फोटोत नसलेली वस्तू घालणं.

मामाने वाद घातला नाही. त्याने त्या रात्रीचं सांगितलं. मुलगा त्या रात्री बंदरात पाळीवर होता, म्हणून त्याला काही ठाऊक नव्हतं. मामा घरी पोचला तेव्हा म्हातारी खाटेवर अशीच बसली होती. मामा म्हणाला, इकडे बघ. ती म्हणाली, थांब, आता जाईल. मामा म्हणाला, नाही जाणार आता, केबलची वीज आहे. ती म्हणाली, हो का, बघू. आणि बघत बसली. मामा दहा मिनिटं कॅमेरा घेऊन उभा. शेवटी त्याने तसाच फोटो काढला आणि पुढच्या घरी गेला. परत येताना खिडकीतून बघितलं तर ती तशीच बसलेली, जागी.

"तिला टिकली हवी होती, तुम्ही माणसांनी लावू दिली नाही," मामा म्हणाला. "ती मी लावतो. पण बघत ती तिच्या मनाने होती. ते मी कसं बदलू?"

'तुम्ही माणसांनी' म्हणताना त्याने हात स्वतःच्या छातीवरही फिरवला. तीस वर्षं तिथे उभा असलेला तो, त्यानेही घरी येऊन कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगा काही बोलला नाही. फ्रेम कधी मिळेल, एवढंच विचारलं.

दहा बाय बारा, पांढरा माउंट, पितळी हुक. काच मी कापली, एका रेघेत. कोपरे मामाने डाव्या हाताने दाबून धरले.

*

'माणूस बघून' याचा अर्थ मला आता थोडा कळतो. मी जे काम करते त्यात प्रत्येक बदलाला एक नियम असावा लागतो, कारण तो बदल लाखो वेळा होणार असतो आणि तिथे कुणी बसलेलं नसतं. मामाच्या कामात बदल एकदाच होतो, आणि ज्याच्यासाठी करायचा त्याला तो तीस-चाळीस वर्षं ओळखत असतो. हजार-बाराशे वस्तीच्या बेटावर हे जमतं. ते मोठं करता येईल का, असा विचार माझ्या डोक्यात सवयीने आला. उत्तर नाही असंच आहे, आणि त्यात मला फार वाईटही वाटलं नाही. माझ्या नोकरीवर त्याने काही फरक पडलेला नाही. कुकरच्या फोटोला माणूस बघून काही करावं लागत नाही.

ती फ्रेम मोराबंदरच्या घरात लागली आणि दिवसकार्याला तिन्ही गावांतल्या बायकांनी ती पाहिली. टिकलीवरून कुजबुज झाली असेल, आमच्या कानावर आली नाही. कानावर आलं ते वेगळंच. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तीन म्हाताऱ्या एकेकट्या, कुणाला न सांगता, मामाच्या पडवीत आल्या आणि म्हणाल्या, आमचा काढून ठेव. जिवंतपणी, एकटीचा, हार घालायचा फोटो. तिघीही विधवा.

मामाने प्रत्येकीला आधी विचारलं, कशी काढू? पहिलीने पदराच्या गाठीतून टिकली काढली आणि माझ्याकडून कपाळाच्या मधोमध लावून घेतली. दुसरी म्हणाली, "चाळीस वर्षं नाही लावली, आता फोटोत कशाला? आहे तशी काढ." तिसरीने दोन्ही काढून घेतले. कुठला लावायचा ते पोरांना सांगू का, असं मामाने विचारलं तेव्हा म्हणाली, "अजून ठरलं नाही. सांगेन."

प्रिंट काढून मामाने पाकिटांत घातले, वर नावं लिहिली आणि पत्त्यांच्या जुन्या वह्यांशेजारी कपाटात ठेवले. दुसरी म्हातारी दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून येते. पाकीट मागते, फोटो खिडकीच्या उजेडात धरून बघते, परत देते. मागच्या रविवारी तिने तो जरा जास्तच वेळ धरला. मग मला म्हणाली, "बाय, चष्मा बदललाय माझा. परत काढ."